'कागज के फूल' : भांडण पडद्यामागचे, दोष पटकथेचा

गुरुदत्त यांची जन्मशताब्दी २०२५ साली झाली आणि त्या निमित्ताने 'कागज के फूल'ची चर्चा पुन्हा सुरू झाली. आपल्या मंडळींत या चित्रपटाचे नाव निघाले की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले वाक्य असे की, चित्रपट काळाच्या पुढे होता, लोकांना कळला नाही म्हणून पडला. दुसरे वाक्य आवाज थोडा खाली आणून बोलले जाते. ते असे की, त्या वेळी त्यांच्या घरात काय चालले होते ते ठाऊक आहे ना, तेच त्यांनी पडद्यावर मांडले. पहिल्या वाक्यात प्रेक्षकाचा अपमान आहे, दुसऱ्यात तीन माणसांचा. दोन्ही वाक्ये मला मान्य नाहीत. का ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, किंवा मुंबई सोडण्याआधी कधीतरी पाहिला आणि आता नीट आठवत नाही, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. सुरेश सिन्हा हा बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातला नामांकित दिग्दर्शक. बायको बीना ही दिल्लीच्या एका बड्या, साहेबी थाटाच्या घरातली. त्या घराला सिनेमाचा धंदा म्हणजे शिसारी. नवराबायको वेगळी राहतात आणि मुलगी पम्मी डेहराडूनच्या वसतिगृहाच्या शाळेत असते. एका पावसाळी रात्री दिल्लीत झाडाखाली सुरेशला शांती नावाची मुलगी भेटते. ती थंडीने कुडकुडत असते म्हणून तो आपला कोट तिला देऊन टाकतो. तो कोट परत करायला ती मुंबईच्या स्टुडिओत येते आणि चालू चित्रीकरणात कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहते. तो फुकट गेलेला तुकडा पाहताना सुरेशला वाटते, 'देवदास'मधली आपली पारो हीच. शांती मोठी नटी होते. दोघांविषयी बोलवा उठते, शाळेतल्या मुली पम्मीला टोचून टोचून हैराण करतात, पम्मी शांतीकडे येऊन माझ्या बाबांना सोड अशी विनवणी करते. शांती सिनेमा सोडून खेड्यात शाळामास्तरीण होते. सुरेश कोर्टात मुलीचा ताबा गमावतो, दारूच्या आहारी जातो, त्याचा चित्रपट पडतो, घर जाते, आणि शेवटी त्याच जुन्या स्टुडिओत दिग्दर्शकाच्या खुर्चीत त्याचा देह सापडतो.

कथा ही एवढीच. आता पडद्यामागे काय होते ते पाहू.

गुरुदत्त हे मूळचे शिवशंकर पदुकोण यांचे चिरंजीव. जन्म बंगळूरचा, १९२५ चा. बालपण कलकत्त्यात गेले, काही काळ अल्मोड्याला उदय शंकर यांच्या नृत्यकेंद्रात गेला. पण सिनेमाची मुळाक्षरे त्यांनी गिरवली ती पुण्यात, प्रभातच्या आवारात. १९४५ साली विश्राम बेडेकरांनी 'लाखारानी' दिग्दर्शित केला तेव्हा हा विशीतला पोरगा त्यांच्या हाताखाली होता. देव आनंदशी दोस्ती झाली तीही तिथेच, आणि त्या दोस्तीतूनच १९५१ साली 'बाजी' आला. हे मुद्दाम सांगतो, कारण 'कागज के फूल'मधला तो अजस्र स्टुडिओ, त्या उंच भिंती, वरच्या लाकडी माच्या, पगारावर बांधलेली माणसे, हे सारे कोणी पुस्तकातून उचललेले नाही. प्रभातसारख्या कंपन्यांची ती दुनिया त्यांनी तरुण डोळ्यांनी पाहिली होती, आणि १९५९ पर्यंत ती मोडीतही निघाली होती.

'प्यासा' १९५७ साली आला आणि चालला. हे नीट लक्षात ठेवावे. ज्या प्रेक्षकाला आपण 'कागज के फूल' न कळल्याबद्दल अडाणी ठरवतो, त्याच प्रेक्षकाने दोन वर्षे आधी एका फाटक्या कवीची उदास कथा डोक्यावर घेतली होती. पण 'प्यासा'च्या यशातच पहिली फूट पडली. गीतकार साहिर लुधियानवी आणि संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यात, गाणी गाजली ती शब्दांमुळे की चालींमुळे, यावरून बिनसले आणि ती जोडी पुन्हा कधी एकत्र आली नाही. पुढच्या चित्रपटाला बर्मनदा राहिले आणि गीते लिहायला कैफी आझमी आले. म्हणजे 'कागज के फूल'चा नारळ फुटण्याआधीच घरातला एक खांब हलला होता.

दुसरी गोष्ट 'गौरी'ची. १९५७ साली गुरुदत्त यांनी बंगाली आणि इंग्रजी अशा दोन भाषांत एक चित्रपट सुरू केला. नायिका होत्या त्यांच्या पत्नी, गायिका गीता दत्त. तो सिनेमास्कोपमध्ये काढायचे ठरले होते. पुरा झाला असता तर भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट तोच ठरता. थोडेसे चित्रण झाले आणि काम थांबले ते कायमचे. पहिल्या सिनेमास्कोपचा मान मग 'कागज के फूल'कडे गेला आणि त्यात नायिका होती वहिदा रहमान. या दोन वाक्यांत जे दुःख आहे ते ज्याचे त्याने ओळखावे. १९५३ साली लग्न झालेल्या त्या जोडप्याचा संसार पुढे विसकटला, हे जगजाहीर आहे. त्यापलीकडे बंद दाराआड कोण कोणास काय बोलले, हे सांगणारे शेकडो भेटतात. दाराआड हजर असलेला मात्र त्यांत एकही नसतो.

तिसरे भांडण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. ते म्हणजे बर्मनदांचे. विषय ऐकताच त्यांनी गुरुदत्तना हा चित्रपट काढू नकोस असे बजावले, तुझ्याच आयुष्याचा हा तमाशा होईल असे सांगितले, आणि तरीही काढणार असशील तर तुझ्याबरोबरचा हा माझा शेवटचा चित्रपट, असेही सुनावले, असे त्या काळच्या सहकाऱ्यांच्या सांगण्यातून आलेले आहे. नेमके शब्द कोणते होते यावर वाद घालता येईल. परिणामावर घालता येत नाही. 'बाजी'पासून चालत आलेली ती जोडी 'कागज के फूल'नंतर तुटली. पुढे 'चौदहवीं का चाँद'ला रवी आले, 'साहिब बीबी और गुलाम'ला हेमंतकुमार. बर्मनदांनी मात्र हातचे काम वाऱ्यावर सोडले नाही. ज्या चित्रपटाला त्यांचा विरोध होता, त्याच चित्रपटाला त्यांनी आपल्या उत्तम चालींपैकी एक चाल दिली. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या 'सुजाता'लाही त्यांचेच संगीत होते. तेव्हा या गृहस्थाला कामाची वाण होती म्हणून तो थांबला, असेही म्हणता येणार नाही. याला म्हणतात धंद्याचे इमान.

आता माझा मुद्दा. आपण 'पडद्यामागचे भांडण' म्हटले की लगेच चित्रपट बिघडल्याचे कारण सापडले असे समजतो. पण एखादा चित्रपट पन्नास-साठ माणसे मिळून करतात, आणि पन्नास माणसे कधीच भांडली नाहीत तर समजावे की एक तर ती घाबरली आहेत किंवा त्यांना कामाशी देणेघेणे नाही. लग्नघरात सुद्धा मसाल्यावरून दोन मावश्यांचे वाजतेच, आणि मसाला बरा होतो. 'कागज के फूल'मध्ये जिथे भांडण कामाच्या अंगाने झाले, तिथे चित्रपट आजही अंगावर काटा आणतो. आणि जिथे भांडायला कोणी उरले नाही, किंवा जे भांडले त्यांचे ऐकले गेले नाही, तिथे तो १९५९ सालीही पडला होता आणि आजही पडतो.

पहिल्याचे उदाहरण कॅमेऱ्याचे घ्या. सिनेमास्कोप हे तंत्र अमेरिकेच्या ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीचे. 'द रोब' हा त्यातला पहिला चित्रपट १९५३ साली आला. यात खास भिंगाने रुंद दृश्य आडवे दाबून साध्या फिल्मवर घ्यायचे आणि थिएटरात उलट भिंगाने ते पुन्हा पसरायचे. त्यामुळे चित्र उंचीच्या सव्वादोन पटीहून अधिक रुंद दिसते. लढाया, घोडेस्वार, वाळवंट यांना ते छान. पण गुरुदत्त यांचा जीव चेहऱ्यात. लांब पल्ल्याच्या भिंगाने नटाच्या डोळ्यांपर्यंत जायचे, पार्श्वभूमी धूसर करायची, ही त्यांची 'प्यासा'तली भाषा. सुरुवातीच्या सिनेमास्कोप भिंगांची खोड अशी की जवळून चेहरा घेतला की तो फुगायचा. हॉलिवुडचे तंत्रज्ञ त्याला थट्टेने गालगुंड म्हणत. म्हणजे दिग्दर्शकाने असे हत्यार निवडले की जे त्याच्या हाताला मुळीच बसत नव्हते.

इथे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांची परीक्षा झाली. १९५२ च्या 'जाल'पासून ते गुरुदत्तांबरोबर होते, आणि होयबा नव्हते. दिग्दर्शकाने मनात आले ते मागायचे, मूर्तींनी आधी हे होणार नाही म्हणायचे आणि मग रात्रभर विचार करून ते करून दाखवायचे, अशी त्या दोघांची रीत. स्टुडिओच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप येते, तिच्यात धुळीचे कण तरंगतात, हे गुरुदत्तांनी पाहिले आणि मला पडद्यावर अस्सेच हवे असा हट्ट धरला. स्टुडिओतले दिवे पसरट उजेड देतात. सूर्यासारखा सरळ झोत त्यांतून निघत नाही. तेव्हा मूर्तींनी बाहेर उन्हात मोठा आरसा लावला, ते ऊन आत घेतले, वरच्या माचीवर दुसरा आरसा ठेवून ते खाली सोडले. दिवा नाही, काही नाही. आपण लहानपणी गल्लीत आरशाचा कवडसा समोरच्या घरात पाडायचो आणि शिव्या खायचो, तोच खेळ. फक्त त्या खेळातून हिंदी सिनेमातले अविस्मरणीय दृश्य निघाले. रिकाम्या स्टुडिओत सुरेश आणि शांती समोरासमोर उभे आहेत, मध्ये उजेडाचा तो खांब. दोघे जागचे हलत नाहीत, फक्त त्यांच्या सावलीसारख्या प्रतिमा देहातून बाहेर पडून उजेडात एकमेकांकडे जातात. दोघांपैकी कुणाचेही ओठ हलत नाहीत. गाणे कोणीच म्हणत नाही आणि तरी ते सर्वत्र भरून राहते.

त्या गाण्याचा आवाज गीता दत्त यांचा आहे. यावर लोकांनी पानेच्या पाने लिहिली आहेत, की पाहा, पत्नीने कोणासाठी गायिले! मी एवढेच म्हणेन की ती एक व्यावसायिक गायिका होती आणि त्या दिवशी तिने आपले काम इतके चोख केले की साठ-पासष्ट वर्षांनंतर तिचे खाजगी दुःख उकरण्याची आपल्याला गरज भासावी हाच तिच्यावर अन्याय. शाळेत मुलांना आकडे शिकवणारे शांतीचे हलकेफुलके गाणेही तिच्याच गळ्यातले आहे. ते कोणी आठवत नाही. कारण त्यात अश्रू नाहीत.

मूर्तींच्या जोडीला कलादिग्दर्शक होते एम. आर. आचरेकर. आचरेकर मूळचे चित्रकार, राज कपूर यांच्या 'आवारा'चे नेपथ्य त्यांचेच. त्यांनी उभा केलेला स्टुडिओ ही या चित्रपटातली खरी व्यक्तिरेखा आहे असे माझे मत आहे. सुरुवातीला म्हातारा सुरेश तिथे येतो, जिना चढून वरच्या माचीवर जातो आणि खाली पाहतो, तेव्हा त्या रिकाम्या जागेकडे पाहून आपल्याला जे वाटते ते पुढच्या दोन तासांतल्या संवादांनी वाटत नाही. सिनेमास्कोपच्या रुंदीचा त्यांनी असा उपयोग केला की माणूस जितका एकटा तितकी त्याच्या भोवतीची मोकळी जागा मोठी. चित्रपट पडला, पण मूर्ती आणि आचरेकर या दोघांनाही त्यासाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. भिंगाशी, उजेडाशी, जागेशी भांडून मिळवलेले ते होते.

आता दुसरी बाजू. पटकथेशी कोण भांडले? बर्मनदा भांडले, त्यांचे ऐकले नाही. संवादलेखक अब्रार अल्वी हे 'आर पार'पासूनचे सोबती. त्यांच्या उतारवयातील आठवणी २००८ साली पुस्तकरूपाने आल्या, त्यांतूनही त्या काळच्या मतभेदांचा सूर ऐकू येतो. पण गुरुदत्त हे स्वतःच निर्माते, स्वतःच दिग्दर्शक, स्वतःच नायक. तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसला की तिथे वाद होत नाहीत, तिथे फक्त निर्णय होतात. मुंबईच्या कोणत्याही गिरणीतला जॉबर तुम्हाला हे सांगेल.

त्याचे फळ पटकथेत दिसते. 'प्यासा'तला विजय भुकेला आहे, त्याच्या कविता रद्दीत विकल्या जातात, त्याचे सख्खे भाऊ त्याला ओळख देत नाहीत. गिरगावातला कारकून असो, परळचा कामगार असो, की भायखळ्याच्या चाळीतला आपला कोणी रेल्वेतला नोकरदार असो, त्याला विजयचे दुःख समजावून द्यावे लागत नव्हते. 'कागज के फूल'मधला सुरेश पहिल्या तासात मोटारीतून फिरतो, त्याच्या सहीसाठी झुंबड उडते, स्टुडिओत त्याचा शब्द म्हणजे कायदा. मग त्याचे बिघडते. पण बिघडते ते का? जग त्याच्यावर तुटून पडते म्हणून, असे चित्रपट सांगू पाहतो. पडद्यावर मात्र दिसते असे की तो स्वतःच प्रत्येक दार आपल्या हाताने लावून घेतो. शांती कराराने बांधली जाऊन परत येते आणि दिग्दर्शक सुरेशच हवा असा आग्रह धरते. तो स्वाभिमानापायी नकार देतो. हा स्वाभिमान की हेकटपणा, हा प्रश्न पटकथेने विचारायला हवा होता. एखाद्या पात्राच्या तोंडी तरी घालायला हवा होता. कोणी विचारत नाही. सारे त्याची कीव करतात, चित्रपटही करतो आणि आपणही करावी अशी अपेक्षा धरतो. ज्या माणसाची इतकी कीव तो स्वतःच करत आहे, त्याच्यासाठी प्रेक्षकाच्या वाट्याला काय उरणार?

याशिवाय जॉनी वॉकर. मला जॉनी वॉकर अतिशय प्रिय. 'प्यासा'तल्या तेलमालिशवाल्यावर माझा जीव आहे. तिथे तो कथेच्या गल्लीतलाच माणूस होता. इथे त्याला बीनाचा भाऊ रॉकी केले आहे, घोड्यांच्या शर्यती, पशुवैद्य बाई, थट्टामस्करी. तो आला की चित्रपट थांबतो आणि तो गेला की पुन्हा सुरू होतो. गंभीर चित्रपट चालणार नाही ही धास्ती निर्मात्याला होतीच. तिची तजवीज या थिगळाने केली. दिग्दर्शक गुरुदत्त आणि निर्माते गुरुदत्त यांच्यात झालेले हे भांडण असावे, आणि त्यात निर्मात्याची सरशी झाली. बीनाच्या माहेरची माणसेही तशीच: साहेबी कपडे, कुत्री, कपाळाला आठ्या. त्यांना एक तरी शहाणे वाक्य दिले असते तर सुरेशशी त्यांचा सामना तोलाचा झाला असता. बीनाच्या भूमिकेत वीणासारखी ताकदीची नटी घेऊन तिला रागावण्याखेरीज काही काम दिलेले नाही. सोडलेल्या बायकोचीही एक बाजू असते. ती मांडायला पटकथेत जागा नव्हती. आत्मचरित्रच म्हणायचे असेल तर ते इथे आहे, या न मांडलेल्या बाजूत. पण हे बोलणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

योगायोग पाहा. १९५९ सालीच प्रभातच्या आणखी एका माणसाने, व्ही. शांताराम यांनी, कलावंत आणि त्याची बायको हाच विषय घेऊन 'नवरंग' काढला. तिथेही कवीचा जीव आपल्या कल्पनेतल्या स्त्रीत गुंततो आणि घरातली बायको दुखावते. शांतारामबापूंनी त्यात रंग ओतले, नाच ओतले, आणि कल्पनेतली स्त्री बायकोच्याच रूपातली ठरवून गाठ सोडवली. 'नवरंग' धो धो चालला. कलेच्या तराजूत 'कागज के फूल'मधले ते एक उजेडाचे दृश्य 'नवरंग'च्या सगळ्या कारंज्यांना भारी आहे, असे मी म्हणेन. पण शांतारामबापूंनी त्या बाईला बोलू दिले, रागावू दिले, तिचे म्हणणे ऐकले. प्रेक्षकांत निम्म्या बायका असतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता राहिला 'आपल्या आयुष्यावरच काढला' हा प्रवाद. त्याला एक छेद द्यायला हवा. सुरेश सिन्हाच्या मागे एक खरा माणूस सांगितला जातो तो ज्ञान मुखर्जी. बॉम्बे टॉकीजचा 'किस्मत' हा १९४३ चा प्रचंड गाजलेला चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. 'संग्राम'च्या वेळी गुरुदत्त त्यांचे साहाय्यक होते आणि त्यांना गुरुस्थानी मानत. पुढे मुखर्जींचे दिवस फिरले, आणि १९५६ साली ते गेले. 'प्यासा' त्यांच्याच स्मृतीस अर्पण केलेला आहे. ज्या माणसाला सारी मुंबई ओळखत होती तो पाहता पाहता विस्मरणात जातो, हे गुरुदत्तांनी आपल्या गुरूच्या बाबतीत पाहिले होते. तेव्हा या चित्रपटात एका शिष्याचे ऋण आहे, बुडालेल्या कंपन्यांची हळहळ आहे, आणि हो, त्यांचे स्वतःचेही काही असेलच; कोणाच्या लिखाणात ते नसते? पण त्या सगळ्याचा लगदा करून 'वहिदा आणि गीता' एवढेच उरवायचे, हे समीक्षण नव्हे. त्याला आपल्या घरांत दुसरा शब्द आहे.

आणि गंमत अशी की हे सर्व चित्रपटातच आहे. शाळेतल्या पोरी पम्मीला घेरून तिच्या बापाविषयी खिदळतात, हे दृश्य आठवा. बेबी नाझने ते काम असे केले आहे की पाहवत नाही. कोणी पाहिलेले नाही, कोणाला ठाऊक नाही, पण छापून आले आहे म्हणून खरे. त्या पोरींच्या चिडवण्याने दोन आयुष्ये मोडतात. तो चित्रपट पाहून बाहेर पडणारे आपण जिन्यावरच नेमके तेच सुरू करतो. आपल्या समाजाला हे नवे नाही. रूबी मायर्स म्हणजे मूकपटांची सुलोचना, सुझन सॉलोमन म्हणजे फिरोजा बेगम, अशा ज्यू मुलींनी सिनेमात पाऊल टाकले तेव्हा त्यांच्या अभिनयापेक्षा त्यांच्या मोटारीत शेजारी कोण बसले होते यावर जास्त बोलले गेले. त्यांच्या कामाबद्दल कोणाला दोन वाक्ये सांगता येतील का, विचारून पाहा.

वहिदा रहमान यांच्या कामाविषयीही लोक असेच गप्प असतात. 'सी. आय. डी.' या १९५६ च्या चित्रपटाच्या वेळी, नवखी असताना, या मुलीने आपले नाव बदलायला साफ नकार दिला होता आणि न आवडणारे कपडे घालणार नाही असे करारात लिहून घेतले होते. म्हणजे तीही भांडणारीच. 'कागज के फूल'मध्ये शांतीला पहिल्यांदा रंगवून, केस कुरळे करून बाहुलीसारखे समोर आणतात आणि सुरेश संतापतो, हे सारे पुसून टाका म्हणतो. ते दृश्य बारकाईने पाहा. वहिदाने शांतीचा ओशाळलेपणा आणि तिची सुटका एका क्षणात दाखवली आहे. पुढे पम्मी तिच्याकडे येते तेव्हा ती मुलीकडे पाहते त्या नजरेत सारे काही आहे. तो निर्णय शब्दांत सांगायची खरोखर जरूर नव्हती. स्वतः गुरुदत्त नट म्हणून पूर्वार्धात उत्तम, पांढरी दाढी लावल्यावर मात्र अडखळतात. शेवटी शेवटी सुरेश एक्स्ट्रा म्हणून स्टुडिओत येतो, शांती त्याला ओळखते, तो पळत सुटतो, ती मागे धावते आणि तिच्याच चाहत्यांची गर्दी तिची वाट अडवते. ही कल्पना फार मोठी आहे. ज्या गर्दीने एकाला टाकले तीच गर्दी दुसरीला सोडत नाही. अशा दोन-तीन जागा पटकथेत आणखी असत्या तर आज मला एवढे लिहावे लागले नसते.

चित्रपट आपटल्यावर गुरुदत्त यांनी पुन्हा कधी दिग्दर्शक म्हणून आपले नाव लावले नाही. 'चौदहवीं का चाँद' १९६० साली एम. सादिक यांच्या नावे आला आणि तुफान चालला. 'साहिब बीबी और गुलाम' १९६२ साली अब्रार अल्वींच्या नावे आला. १० ऑक्टोबर १९६४ रोजी गुरुदत्त गेले, वयाची चाळिशीही पुरी झाली नव्हती. गीता दत्त १९७२ साली गेल्या. ऐंशीच्या दशकात युरोपात त्यांचे चित्रपट पुन्हा दाखवले जाऊ लागले आणि मग आपल्याकडेही लोकांना 'कागज के फूल' आवडतो असे आठवले. मूर्तींना २००८ सालचे दादासाहेब फाळके पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले छायालेखक. वहिदा रहमान यांना तेच पारितोषिक २०२३ साली जाहीर झाले.

आता हा चित्रपट घरबसल्या फोनवरही पाहता येतो. तसा पाहू नये ही विनंती. मुलांना सांगून घरातल्या सर्वांत मोठ्या पडद्यावर लावा, आणि चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात का पाहा. त्या नसतील तर कडेचे चित्र कापलेले आहे, आणि कडेचे कापले की आचरेकरांचा स्टुडिओच गेला. रॉकी आला की चहा टाकायला हरकत नाही. मूर्तींचा उजेड वरून खाली उतरायच्या आत परत या.